डबा बुटका होत गेला

रविवारी माझा नवरा घरादाराला लढाईवर नेतो. वाडीत केळीच्या दोन ओळींमध्ये ताडपत्री अंथरायची, पत्र्याच्या थाळ्या मांडायच्या, आणि त्याने स्वतः रांधलेला कुठल्यातरी जुन्या लढाईतला शिधा आम्ही उकिडवं बसून मुकाट्याने चावायचा. चावायचा हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. त्याची बिस्किटं दुसऱ्या कशाने संपत नाहीत. मागच्या वर्षी त्याने पहिल्या महायुद्धातलं बिस्किट केलं होतं. ते आमच्या वाडीतल्या कुत्र्याने तोंडात धरून नेलं आणि फणसाखाली पुरून ठेवलं. अजून त्याने ते उकरलेलं नाही.

नवऱ्याचं नाव भूपेश. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात अरे म्हणते, आणि रविवारी काहीच म्हणत नाही. वालीवला त्याचा पत्र्याचे डबे बनवायचा लहानसा कारखाना आहे. दिवसभर रंगाचे आणि वार्निशचे डबे बनवायचे आणि घरी येऊन पुन्हा डब्यांशीच खेळायचं, असा त्याचा संसार. सैनिकांना आघाडीवर मिळायचे ते जुने डबे, बिस्किटांची खोकी, चहाच्या पुड्या तो गोळा करतो. मग तसाच शिधा घरी करून बघतो. पुण्या-नागपूरकडे असे आणखीही काही जण आहेत. फोनवर त्यांचा एक ग्रुप आहे, त्याचं नाव रसद मंडळ. एकाने गंजलेल्या झाकणाचा फोटो टाकला की बाकीचे हात जोडतात.

आगाशीत आमच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. दुसऱ्यांच्या कपाटात मुलांची बक्षिसं असतात, आमच्या कपाटात गंज आहे. त्यातला मानाचा डबा एकच, मुठीत मावणार नाही पण ओंजळीत मावेल एवढा. देवळालीच्या एका भंगारवाल्याकडून आणलेला, एकाहत्तरच्या लढाईच्या वेळचा. पत्र्यावर फौजेचा बाणाचा शिक्का, खाली साल, आणि पुसट इंग्रजी अक्षरांत ‘स्वीट’. बस. आत कुठला गोड पदार्थ आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण डबा सीलबंद होता. नव्या नवऱ्याने उखाण्यात बायकोचं नाव घ्यावं तसा भूपेश ‘सीलबंद’ हा शब्द घ्यायचा.

हा डबा घरात आला त्याच सुमारास भूपेशचं पोट बिघडलं. साधंसुधं नाही, सलाइन लावण्याइतकं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? आणि खाटेवर पडल्या पडल्या, डोळे अर्धे मिटलेले असताना, ह्या माणसाने बोट दाखवलं ते माझ्याकडे. म्हणाला, हिचं कोलंबीचं लोणचं.

माझं कोलंबीचं लोणचं! माझ्या आईने हाताला धरून शिकवलेलं, ज्याच्या बरणीवरून माझ्या नणंदा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या, ते लोणचं. मी खाल्लं होतं, सासूबाईंनी खाल्लं होतं, आम्हाला साधी ढेकरही आली नव्हती. पण ‘प्रत्येकाची प्रकृती वेगळी’ असं म्हणून त्याने उरलेले डोळेही मिटले. त्या दिवसापासून लोणच्याला घरात बंदी झाली. लग्नकार्यात बायका मला हळूच विचारायच्या, ‘आता बरे आहेत ना हे?’ मला असं वाटायचं की सगळ्या आगाशीला सांगत सुटावं, मी विषारी बाई नाही. त्याच दिवसांत सासूबाईंची माळ्यावरची सुकेळीही कमी झाली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच वाळक्या सोपटात बांधून ठेवलेली ही सुकेळी म्हणजे त्यांचा जीव. त्याचा आळ उंदरांवर आला. उंदरांना आपली बाजू मांडता येत नाही. मला येते, पण ऐकून कोणी घेतली नाही.

आता चंद्रहासमामांविषयी. हे सासूबाईंचे मावसभाऊ. फौजेतून निवृत्त झालेले, एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी फौजेत असलेले गावातले एकमेव. शाळेतलं झेंडावंदन त्यांच्याशिवाय होत नाही. ह्या डिसेंबरात त्यांची पंच्याहत्तरी होती. देवळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. मामा, तुम्हाला काय हवं, असं भूपेशने विचारलं तेव्हा मामा उठले, काचेच्या कपाटापाशी गेले आणि त्या डब्यासमोर उभे राहिले.

‘‘शाल नको, नारळ नको. हा उघड, आणि ह्यातला एक घास दे.’’

भूपेशचा चेहरा उतरला. मला वाटलं, डब्याचा लोभ सुटत नाही. मामांनी मात्र तेवढ्यातच त्याचा हात धरला. म्हणाले, ‘‘खूप वर्षांचं मनात आहे रे. नाही म्हणू नकोस.’’ मग तो तरी काय बोलणार? हो म्हणाला. मामांना डॉक्टरांनी गोड बेताने खायला सांगितलं आहे. त्या एका घासासाठी त्यांनी महिनाभर आधीपासून चहातली साखर, चतुर्थीचा मोदक, सगळं सोडलं. दोन दिवसांआड त्यांचा फोन यायचा, ‘‘डबा आहे ना जागेवर?’’

डबा जागेवर होता. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात भूपेश रसद मंडळाच्या मेळाव्यासाठी पुण्याला गेला, तोवर.

त्या मंगळवारी मी पतपेढीतून घरी आले तर सासूबाई ओट्याला टेकून उभ्या. आमच्या धोंडूबाई म्हणजे कोणाच्या बापाला न घाबरणाऱ्या. पण त्यांचा पदर तोंडावर होता. ओट्यावर डबा. बाणाच्या शिक्क्याचा. झाकण कोयत्याच्या टोकाने कापून वर वळवलेलं, आणि आत चमचा.

‘‘आई, हे काय?’’

‘‘उर्सुला आलती. पोराच्या लग्नाचा आमंत्रन घेऊन. तोंड गोड केल्याबिगर कशी धाडू?’’

हे मात्र खरं. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण घेऊन कोणी उंबऱ्यात आलं की त्याच्या हातावर गोड ठेवल्याशिवाय त्याला परत पाठवत नाहीत. पाठवलं तर आपण त्या लग्नावर नाखूश आहोत असा अर्थ होतो. उर्सुलाबाई तर सासूबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघींच्या वाड्यांना कुंपण एकच.

‘‘मग साखर द्यायची होती चिमूटभर!’’

‘‘साखरेचा दाना नाय घरात. गुल नाय. तुज्या नवऱ्यानं सगला पुन्याला न्यायच्या त्या शक्करपाऱ्यात घातला. ह्याच्यावर स्वीट लिवलेला. मिठाईच्या दुकानावर पन तेच लिवलेला असतं ना?’’

एवढं इंग्रजी त्यांना विरारच्या दुकानांच्या पाट्यांनी शिकवलं होतं, आणि ते बरोबर होतं. चूक काढायला जागाच नव्हती.

‘‘तुम्ही ते उर्सुलाबाईंना खायला दिलंत? आई, पन्नास वर्षांच्या वरचं आहे ते!’’

मग सासूबाई मटकन खाली बसल्या. अर्धशतकापूर्वीचं गोड आपण जिवाच्या मैत्रिणीला, तिच्या मुलाच्या लग्नाच्या तोंडावर, बशीत घालून चारलं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. आम्ही फोन लावला. सासूबाईंनी इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच, ‘‘पोट बरा हाय ना तुजा?’’ तासाभराने पुन्हा लावला. संध्याकाळी पुन्हा. चौथ्या खेपेला उर्सुलाबाई वैतागल्या.

‘‘धोंडूबाय, माझ्या पोटाचं काय लावलंस आज? पोट उत्तम आहे. तू आधी सांग, ती मिठाई कुठची? मला लग्नात ठेवायची आहे.’’

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग सासूबाईंनी चमचा उचलला. डब्याच्या तळाशी अजून थोडं होतं, तांबूस, चिकट. त्यांनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मी घाबरलेच.

‘‘दिपिका, ही आपली केली.’’

‘‘काय?’’

‘‘राजेली. सुकेली करून, तुपात घोटून, गुल घालून. वेलची पन हाय. आगासीच्या मातीशिवाय हा वास येत नाय. खा, बग.’’

मी खाल्लं. खरंच सुकेळीचा हलवा होता, आणि चांगला होता. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या लहानपणी सुकेळीच्या करंड्या भरून गाड्याच्या गाड्या मुंबईला जायच्या. तिथून त्या कुठे जातात ते कोणी विचारलं नव्हतं. आता त्यांना उत्तर मिळालं होतं. आगाशीची केळी लढाईवर गेली होती! पन्नास वर्षांत ती नासली कशी नाहीत, ह्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. फौजेचा माल, नासायची काय बिशाद?

आज मी हसते, पण त्या दिवशी मीसुद्धा विश्वास ठेवला. आगाशीत वाढलेल्या माणसाला आपलं केळं कुठेही भेटलं तरी नवल वाटत नाही. चंद्रावर सालं सापडली तर आम्ही म्हणू, राजेळीचीच असतील.

पण मामांचं काय? महिनाभर साखर सोडलेला म्हातारा रविवारी डब्यासमोर बसणार, आणि डबा चाटून पुसून रिकामा. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, ‘‘चंद्रहासला नाय सांगता येनार मना.’’ मलाही नसतं सांगता आलं. मग त्यांनीच पदर खोचला. चव कळली होती, केळी घरची, हात त्यांचे. मी बाजारातून गूळ आणि तूप आणलं. त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा भूपेशशिवाय कोणीतरी फौजेचा शिधा रांधला, आणि तो खाण्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी पतपेढीत रजा टाकून मी डबा घेऊन वालीवला गेले. झाकण बसवायला नवऱ्याचाच कारखाना हाताशी असताना दुसरीकडे कुठे जायचं? तिथे मशिनवर जयवंत असतो. नालासोपाऱ्याचा, भूपेशचा जुना माणूस, तोंडाचा बंद. मी पिशवीतून डबा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने तो उचलला, फिरवला, कडेवरून अंगठा फिरवला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘‘परत?’’

कारखान्यात मशिनं चालू होती, पण मला ते व्यवस्थित ऐकू आलं.

‘‘परत म्हणजे काय, जयवंत?’’

‘‘काही नाही वहिनी.’’

‘‘काही नाही कसं? परत म्हणजे आधी एकदा.’’

जयवंतने मशिनकडे बघितलं, छताकडे बघितलं, चहावाल्याकडे बघितलं. मी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. माझ्याकडे वेळ होता, हे त्याला कळलं असावं.

‘‘वहिनी, कापलेल्या डब्यावर सरळ झाकण बसत नाही. फाटकी कड छाटावी लागते, खालच्या पत्र्यातून नवी कड काढावी लागते. दर वेळी बोटभर पत्रा जातो. हा एकदा छाटलेला आहे. आज पुन्हा छाटतो. पण शेठना सांगा, आता बास. अजून एकदा उघडलात तर बूटपॉलिशची डबी होईल ह्याची.’’

‘‘आधी कोणी आणला होता?’’

‘‘शेठनीच. पोट बिघडून घरी बसले होते ना, ते कामावर आले त्याच दिवशी. नव्या झाकणाला गंज चढवायला चिंचेचं पाणी नि मीठ लावून पत्र्यावर उन्हात ठेवलं होतं मी. आताही ठेवतो, काळजी नको.’’

मी खुर्चीत बसूनच राहिले. पोट बिघडलं, डबा, पोट बिघडलं, डबा. म्हणजे ह्या माणसाने आपल्या मानाच्या डब्याला हात लावायचा मोह आवरला नाही. उघडला. आतलं जे काही होतं ते खाल्लं, आणि सलाइनवर गेला. मग माळ्यावरची आईची सुकेळी चोरून, तिचा हलवा करून, डब्यात भरून, झाकण ठोकून तो पुन्हा ‘सीलबंद’ केला. आणि बोट दाखवलं माझ्या लोणच्याकडे! आणि उंदरांकडे!

मला राग आला असं म्हणणं फार सौम्य होईल. लढाईवर मीच निघाले होते. पण संध्याकाळी गंज चढवलेला डबा पिशवीत घालून वालीवच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघता बघता डोकं थंड झालं आणि त्यात एक छान कल्पना आली. आता काही बोलायचं नाही. रविवारी, सगळ्या गावासमोर, मामांनी पहिला घास खाल्ला की उभं राहायचं आणि विचारायचं, अहो, हे सुकेळीचं उंदीर-मांजर काय आहे? माझं लोणचं तेव्हा सुटेल, सन्मानाने.

सासूबाईंना मी काहीच सांगितलं नाही. आगाशीची केळी लढाईवर गेल्याचा त्यांचा आनंद माझ्याने मोडवेना. बाजारात त्या कोणाला काही सांगत नव्हत्या, पण सांगायचं नाही हे त्यांच्या तोंडावरून उतू जात होतं. ‘‘बगाल, बगाल रविवारी,’’ एवढंच म्हणत फिरायच्या.

गुरुवारी भूपेश परत आला. पायातले बूट काढायच्या आधी कपाटाकडे गेला. मी भाजी निवडायला बाहेरच बसले होते, म्हटलं बघूया. डब्याशेजारी त्याचा फौजी मग असतो. डबा त्या मगाच्या कानाच्या वरपर्यंत यायचा. आता कानाच्या मध्यावर आला होता. भूपेश वाकला. मग उकिडवा बसला. एक डोळा मिटून त्याने डब्याची उंची मगाच्या कानाशी ताडून पाहिली. नंतर तो मगही उचलून बघितला, जणू मगच रात्रीतून वाढला असावा.

‘‘काय बघतोस?’’

‘‘काही नाही. डबा जरा...’’

‘‘जरा काय?’’

‘‘काही नाही.’’

खाई त्याला खवखवे. डबा बुटका झाला हे त्याला स्पष्ट दिसत होतं, पण ते बोलायचं म्हणजे डब्याची पूर्वीची उंची आणि त्याही पूर्वीची उंची, सगळ्याचा हिशेब आला. शुक्रवारी त्याने फूटपट्टी आणली. शनिवारी मी त्याला कपाटापुढे बसून बोटं मोजताना पाहिलं. त्याला चहा देताना मी गुणगुणत होते. इतका चांगला आठवडा आमच्या लग्नाला कधी लाभला नव्हता.

रविवारी हॉल भरला होता. उर्सुलाबाई पहिल्या रांगेत होत्या, पोट उत्तम. मागच्या भिंतीला टेकून जयवंत उभा होता आणि चपलांकडे बघत होता. मामा इस्त्रीचा सदरा घालून, छातीवर दोन पदकं लावून खुर्चीत बसले होते. टेबलावर लाल मखमल आणि तिच्यावर बुटका डबा. भूपेशने तो उचलला आणि डोळ्यांजवळ धरून कडेवरून बोट फिरवत राहिला. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. त्याने डबा उघडला. तुपाचा, वेलचीचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला.

आणि सासूबाईंचा बांध फुटला. त्या खुर्चीवरून उठल्या. ‘‘वासावरून सांगते, ही आपली केली हाय! आगासीची राजेली! लढाईवर आपली केली गेलती!’’

हॉलमध्ये जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो मामांच्या पदकांनासुद्धा कधी मिळाला नसेल. देवस्थानाचे अध्यक्ष उभे राहिले. कोणीतरी भारतमाता की जय म्हटलं. भूपेशने आईकडे बघितलं, डब्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या हिशेबी हलवा त्यानेच भरलेला, पण टाळ्या आईला, आणि त्याला ‘केळी कुठून आली’ हेही म्हणता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी पदर सावरला आणि उठायच्या तयारीत बसले. मामांच्या पहिल्या घासाची वाट बघत होते.

मामांनी चमचा घेतला. हलवा घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबले. इतके थांबले की टाळ्या विरल्या. मग त्यांनी तो तोंडात घेतला. चावला नाही, नुसता धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मी उठलेच नाही. जे विचारायचं घोकून आले होते ते राहिलं. माझा मलाच राग आला.

जेवणं झाल्यावर मामांना रिक्षापर्यंत सोडायला मी गेले. हॉलमागच्या चिंचेखाली ते थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवून.

‘‘पोरी, तुला एक सांगू? गावाला नाही सांगितलं कधी. मी लढाईवर गेलोच नव्हतो. मी मागे डेपोत होतो. गाड्यांवर पेट्या चढवायचो. त्यात ह्या डब्यांच्या पेट्या असायच्या, हाच बाण, हेच नाव. हात लावायचा, उघडायचा नाही, हुकूम तसा होता. पुढे जाणारी पोरं गाडीत बसता बसता विचारायची, आत काय आहे रे? मी ठोकून द्यायचो, खा रे, गोड आहे, घरची आठवण येईल. मला काय माहीत आत काय होतं! बोलायचं म्हणून बोलायचो.’’

मामा पुढे म्हणाले, ‘‘त्यातली किती परत आली नाहीत. नंतर कितीदा मनात यायचं, आत साबणासारखं काहीतरी निघालं असेल तर? आपण शेवटचं खोटं बोललो त्यांच्याशी. म्हणून तो एक घास हवा होता.’’ त्यांनी पदकांवरून हात फिरवला. ‘‘आज कळलं. खरंच घरच्यासारखं होतं गं. पोरांना चांगलं मिळालं होतं.’’

‘‘हो मामा,’’ मी म्हटलं. ‘‘चांगलंच मिळालं होतं.’’

रिक्षा गेली तरी मी तिथेच उभी होते. मला रडू येत होतं आणि कोणावर रागवावं ते समजत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी शेजारणीकडे लपवून ठेवलेली बरणी घरी आणली. हो, लपवून ठेवली होती. लोणचं मी करायचं थांबले नव्हते, फक्त बरणीचा पत्ता बदलला होता. भूपेश ताटावर बसला तेव्हा सासूबाई उर्सुलाबाईंकडे पाककृती सांगायला गेल्या होत्या. मी त्याच्या भातावर चांगला डावभर कोलंबीचं लोणचं वाढलं.

त्याने वर बघितलं.

‘‘जयवंत भेटला होता,’’ मी म्हटलं. ‘‘म्हणाला, अजून एकदा उघडलात तर बूटपॉलिशची डबी होईल.’’

त्याने लोणचं भातात कालवलं. मग त्याने एक घास घेतला. मग दुसरा.

‘‘चुकलो,’’ तो म्हणाला. ‘‘डबा उघडलेला कोणाला कळला असता तर मंडळात तोंड दाखवता आलं नसतं. तुझं लोणचं समोर होतं.’’

‘‘माझं लोणचं समोर होतं!’’

‘‘चुकलो म्हटलं ना. उंदरांचीही माफी मागतो.’’

मला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग मी त्याला तो हलवा ह्या खेपेला कोणी केला ते सांगितलं, उर्सुलाबाईंच्या पोटाचं सांगितलं. आणि चिंचेखाली मामा काय म्हणाले तेही सांगितलं. तो जेवायचा थांबला.

‘‘खरं सांग,’’ मी विचारलं. ‘‘तू उघडलास तेव्हा आत काय होतं?’’

तो लोणच्याच्या तेलात बोट फिरवत बसला.

‘‘साबण,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे साबणासारखंच. वर काळं, खाली पांढुरकं, वासही तसाच. मी बोटभरच खाल्लं.’’

बाहेर वाडीत सासूबाईंच्या परतायच्या चपला वाजत होत्या.

‘‘पण दिपिका, पन्नास वर्षांत कशाचाही साबण होईल,’’ तो घाईघाईने म्हणाला. ‘‘तेव्हा गोडच असेल. असणारच ना?’’

‘‘असेलच,’’ मी म्हटलं आणि त्याच्या ताटात अजून थोडं लोणचं वाढलं.